चौघांनी मिळून चित्रं पाहावीत ती अशी

विजयदुर्गात मित्रमंडळी जमण्याचे दिवस ठरलेले आहेत. गणपती, शिमगा आणि मे महिना. मुंबईचे चाकरमानी गावी उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, आता जायचं कुठे, ही चर्चा सुरू होते. किल्ला लहानपणापासून पायाखालचा, कुणकेश्वर झालेलं, मालवणला गर्दी. अशा वेळी एखाद्याने ‘चित्रं बघायला जाऊया’ म्हटलं, तर गटातला कोणी ना कोणी हात झटकतोच : ‘माका चित्रातलां काय कळणा नाय, तुमी जावा.’

असं म्हणणाऱ्यालाच आधी गाडीत बसवावं. कारण सिंधुदुर्गातली जुनी चित्रकला जाणकाराने एकट्याने उभं राहून पाहण्यासाठी कधी नव्हतीच. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी गावाला समोर बसवून दाखवली जायची. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे तिघांनी बसून खेळायचे पत्ते. गिर्येच्या रामेश्वराच्या भिंतींवरची चित्रं देवळात येणाऱ्या प्रत्येकासाठी. चित्र पाहताना बोलणं, विचारणं, शेजाऱ्याला बोटाने दाखवणं हा त्या पाहण्याचाच भाग होता. मित्रांसोबत प्रदर्शन कसं पाहायचं, हे शिकायला या किनाऱ्यावरच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

सुरुवात गिर्येपासून करावी. विजयदुर्गाला लागूनच हे गाव आहे. जांभा फोडून काढलेल्या वाटेने खाली उतरलं की रामेश्वराचं देऊळ येतं. आंग्रे आणि धुळप या दोन्ही आरमारी घराण्यांचा या देवस्थानाशी जुना संबंध. भिंतींवर पौराणिक प्रसंगांची चित्रं आहेत, आणि विजयदुर्गातली बहुतेक मंडळी नमस्कार करून त्यांच्यासमोरून अनेकदा गेलेली आहेत, न थांबता. एखाद्या सकाळी, पूजेची गडबड आटोपल्यावर, चौघांनी तिथे जावं. एकच प्रसंग निवडावा. पाच मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मग प्रत्येकाने आपल्याला दिसलेली एकच गोष्ट सांगायची. आवडलं की नाही हे आत्ता नको. किती माणसं आहेत, कोणाची नजर कुठे लागली आहे, कोणता रंग पुन्हा पुन्हा आला आहे, कुठला भाग उडाला आहे, एवढंच. चौथ्या माणसाचं सांगून होईपर्यंत पहिल्याला आपण काय काय पाहिलंच नव्हतं ते कळू लागतं. मित्रांसोबत जाण्याचा खरा लाभ हाच आहे, आणि त्याला कलेचा इतिहास यावा लागत नाही.

पाच मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रेक्षक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात याची नोंद दोन अभ्यासकांनी केली होती आणि ती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली 27.2 सेकंद, आणि निम्मे लोक तर 17 सेकंदांच्या आत पुढे सरकले होते. त्यातही बराच वेळ शेजारची पाटी वाचण्यात जातो. जगातल्या नामांकित चित्रांची ही गत, तर आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा संग्रहालयात काय होत असेल याचा अंदाज प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवावरून करावा. ‘स्लो आर्ट डे’ नावाचा एक उपक्रम दरवर्षी एप्रिलमध्ये जगभरच्या संग्रहालयांत होतो. त्याची रीत अगदी साधी आहे : मोजक्या पाच कलाकृती घ्यायच्या, प्रत्येकीसमोर पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग एकत्र जेवायला बसून त्यांवर बोलायचं. जेवणाशिवाय कोकणातला कुठलाच बेत पुरा होत नाही, तेव्हा ही रीत इथे रुजायला हरकत नसावी.

दुसरा टप्पा पिंगुळी. विजयदुर्गाहून पडेल कॅन्टीनमार्गे तळेऱ्याला महामार्ग गाठायचा, तिथून कणकवली आणि मग कुडाळ. पिंगुळी कुडाळच्या अगदी जवळ आहे. तिथल्या गुढीपूर वस्तीत परशुराम गंगावणे यांनी ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं, तेही घरच्या गुरांच्या गोठ्याचं रूप पालटून. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही गोष्टी एका जागी, आणि त्या ज्यांच्या घराण्यात चालत आल्या त्यांच्याच तोंडून समजून घेता येतील अशी दुसरी जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

इथे भिंतीवर टांगलेली चित्रं पाहून निघून येणं म्हणजे अर्धंच पाहणं. चित्रकथीचं चित्र मुळात सुटं नसतं. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी बसलेला असतो, चित्र समोर फळीला टेकवून उभं केलेलं असतं, सोबतीला वीणा, हुडुक आणि टाळ. तो एका प्रसंगाचं गातो, मग गद्यात समजावतो, आणि कथा पुढे सरकली की चित्र उलटतो. पाठीमागचा प्रसंग समोर येतो. माणसांचे चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले, डोळे मोठे, टपोरे. मागचं झाड-डोंगर फारसं नाहीच. ही रचना का, हे संग्रहालयाच्या काचेतून कळत नाही. खेळ बघायला मांडी घालून बसलं की लगेच कळतं : पंधरा-वीस हातांवर बसलेल्या म्हातारीलाही, दिव्याच्या उजेडात, रावण कोणता आणि जटायू कोणता हे दिसायला हवं होतं. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही येतो. त्या परंपरेची एक जिवंत शाखा कुडाळजवळ आहे, आणि गोव्याला जाणाऱ्या गाड्या तिच्या शेजारून भरधाव निघून जातात, याचं वाईट वाटतं.

खेळ पाहायचा असेल तर आधी फोन करावा, आपण किती जण येणार ते सांगावं आणि मानधन किती हे तेव्हाच विचारून घ्यावं. कलाकार कार्यक्रमांसाठी बाहेरगावी असू शकतात. गटाने गेल्यावर खर्च वाटला जातो, हा मित्रांसोबत जाण्याचा आणखी एक उघड फायदा. गाडीच्या पेट्रोलला जसं ‘टीटीएमएम’ चालतं तसंच इथेही चालावं. मात्र मानधनात घासाघीस करू नये. हॉटेलात सुरमईच्या थाळीचे पैसे निमूट देणाऱ्या माणसाने पिढीजात कलावंताच्या तासाभराच्या खेळाचं मोल पाडून मागणं बरं दिसत नाही.

फोटोंचं काय करायचं, हा प्रश्न अशा ठिकाणी हमखास येतो. पहिला नियम : विचारल्याशिवाय काढू नये आणि फ्लॅश कधीच वापरू नये. जुन्या कागदांना, वनस्पतींच्या रंगांना उजेडाचं वावडं असतं. दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवून 2014 मध्ये एक निष्कर्ष मांडला. ज्या वस्तूंचे विद्यार्थ्यांनी अख्खे फोटो काढले त्या त्यांना दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. नुसत्या पाहिलेल्या जास्त आठवल्या. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या तपशिलावर कॅमेरा नेऊन तेवढाच फोटो घेतला, त्यांच्या स्मरणाला असा फटका बसला नाही. तेव्हा गटात एक सोपी वाटणी करावी. अख्ख्या दालनाचे फोटो कोणी एकानेच काढायचे आणि नंतर सगळ्यांना पाठवायचे. बाकीच्यांनी प्रत्येकी एकच फोटो घ्यायचा, तोही एखाद्या तपशिलाचा : बाहुलीच्या हाताचा सांधा, धोतराची किनार, चित्रातल्या घोड्याचा डोळा. संध्याकाळी ते फोटो एकमेकांसमोर ठेवले की कोणाची नजर कुठे थांबली होती ते दिसतं, आणि तिथून गप्पा आपोआप सुरू होतात.

पिंगुळीहून सावंतवाडी फार दूर नाही. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार काम करताना पाहायला मिळतात, आणि मित्रांच्या गटाने तिथे निवांत वेळ काढावा असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. ही कला विझण्याच्या बेतात होती. वयाच्या ऐंशीच्या घरात पोचलेले पुंडलिक चितारी हे जुन्या पद्धतीची पानं करणारे कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती विद्या उचलली, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच काम सुरू केलं, नवे हात तयार केले. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

दशावतारी गंजिफेत 10 रंग असतात, एकेका अवताराचा एक, आणि प्रत्येक रंगात 12 पानं : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा. एकूण 120. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. पान गोल असतं. ते घडवताना चिंचोक्याची खळ, खडूची पूड, घोटाई आणि लाखेचा मुलामा असे थर चढतात. गटाने इथे एक करून पाहावं. दोघांनी एकाच रंगाची दोन पानं घ्यावीत, म्हणजे नजरेने घ्यावीत, हाताने नाही, आणि सात मासे आणि आठ मासे गोल पानात कसे बसवले आहेत ते ताडून पाहावं. चित्रकाराने जागेचा हिशोब कसा केला, ब्रश कुठे टेकवला आणि कुठे उचलला, हे इतकं जवळून दाखवणारी जागा मोठ्या शहरातल्या गॅलरीतही मिळत नाही. खेळाची एक रीतही ऐकण्यासारखी आहे. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची उतारी पहिली, रात्री खेळलं तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याची. कलाकाराचं काम चालू असताना प्रश्न जरूर विचारावेत, पण तो ब्रश खाली ठेवेल तेव्हा. पूर्ण संच महाग असतो आणि असायलाच हवा. परवडत नसेल तर चार मित्रांनी मिळून एखादी छोटी वस्तू घ्यावी, किंवा चितारआळीतली लाकडी फळं न्यावीत. तीही याच हातांच्या परंपरेतली आहेत.

सावंतवाडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं, बोटांमधून उजेड पाझरणारं ते प्रसिद्ध जलरंगातलं चित्र अनेकजण राजा रविवर्म्याचं समजतात. ते सा. ल. हळदणकरांचं आहे, आणि हळदणकर 1882 मध्ये सावंतवाडीत जन्मले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. म्हैसूरला सहलीला गेलेल्या कोकणी गटांनी वृंदावन बागेआधी त्या चित्रासमोर दहा मिनिटं काढावीत.

आता जिल्ह्याबाहेर. वैभववाडीवरून घाट चढून कोल्हापूर गाठता येतं. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे की नाही ते मात्र विचारावं. तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. वीतभरही उंची नसलेला हा ग्रीकांचा समुद्रदेव दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातून पंचगंगेच्या काठी येऊन पोचला. समुद्रावर वाढलेल्या माणसांना त्याच्याबद्दल पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त काही बोलता येईल. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात कोल्हापूरच्या चित्रकारांची प्रदर्शनं भरत असतात, आणि तिथे बहुतेकदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोलायला भिऊ नये. ‘याचा अर्थ काय’ असं विचारण्यापेक्षा ‘यातलं आधी काय काढलंत’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नावर चित्रकार गप्प होतो, दुसऱ्यावर खुलतो.

दक्षिणेला गोवा. पर्वरीजवळ पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकर यांनी 2015 मध्ये उघडलेलं म्युझियम ऑफ गोवा आहे. समुद्र, शिंपले, होड्या, मसाल्यांचा व्यापार हे तिथले नेहमीचे विषय, त्यामुळे आजच्या कलेची पहिली ओळख करून घ्यायला किनारपट्टीच्या माणसाला ते सोपं जातं. पणजीत 2016 पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो. तिथे एका दिवसात सगळं पाहण्याचा हट्ट धरू नये. बोस्टनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच दाखवून दिलं होतं, की वाकून, ताठून, मान वळवून वस्तू पाहताना प्रेक्षकाचं शरीर थकतं आणि मग त्याला पुढच्या वस्तू नुसत्या ओझरत्या दिसतात. दीड तासानंतर चहा प्यावा. गुडघे दुखणारा मित्र सोबत असेल तर त्याची बसायची जागा आधी शोधावी आणि त्या जागेवरून जे दिसतं तिथे सगळ्यांनी थांबावं.

आजच्या कलेसमोर एक वाक्य हटकून येतं : ‘हे तर माझं पोरगंही काढील.’ हे वाक्य दाबू नये. म्हणणाऱ्याला विचारावं, की पोर काढील ती रेघ यातली नेमकी कोणती? तो जवळ जाऊन शोधू लागतो आणि तिथेच त्याचं पाहणं सुरू होतं. आपलं मत बदलायची त्याच्यावर काही सक्ती नाही. न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; फक्त कशामुळे आवडलं नाही हे चित्रावर बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. बोट दाखवायचं ते दोन हात लांबून.

मुंबईकर मित्रांना भेटायला विजयदुर्गाची मंडळी तिकडे गेली तर वारांचं भान ठेवावं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. जहांगीर कलादालनात 1952 पासून प्रवेश मोफत आहे आणि तिथली प्रदर्शनं साधारणपणे मंगळवारी बदलतात. गेटवेहून मांडव्याच्या बोटीने गेलं तर सासवण्याचं करमरकर शिल्पालय अर्ध्या दिवसात होतं. अंगणातली म्हैस पाहून मुलं आधी तिच्याकडे धावतात, आणि नानासाहेब करमरकरांच्या कामाला याहून मोठी पावती नाही.

किती जणांनी जावं? चार ते सहा. टेम्पो ट्रॅव्हलर भरून पंधरा जण आले असतील तर दाराशीच चार-चारचे गट पाडावेत आणि कुठल्या वेळेला कुठे भेटायचं ते ठरवून सुटावं. सगळ्यांनी सगळं बरोबरच पाहायचं हा आग्रह बेत बिघडवतो. एकजण भराभरा पुढे जातो, एकाचा पाय एकाच काचेपाशी अडतो; दोघांनाही त्यांच्या चालीने जाऊ द्यावं. गटात एखादा जाणकार असेल तर त्याने सुरुवातीलाच भाषण करू नये. बाकीच्यांचं बोलून झाल्यावर त्याने सांगितलेल्या चार गोष्टी कायमच्या लक्षात राहतात. मुलं सोबत असतील तर त्यांना प्रत्येक दालनात एक प्राणी शोधायला सांगावं.

एप्रिल-मेमध्ये आंब्याची धांदल असते, बागायतदारांना दिवसभराची सवड नसते. मुंबईकर तेव्हा मोकळे, गावकरी अडकलेले. त्यामुळे या फेरीसाठी गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यानंतरचा एखादा दिवस, किंवा दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. सकाळी लवकर निघून पिंगुळी आणि सावंतवाडी एका दिवसात होतात. त्यात मालवण कोंबायला जाऊ नये. यंदा गणपतीला मंडळी जमतील तेव्हाच तारीख ठरवावी, चौघांची नावं पक्की करावीत आणि त्याच दिवशी पिंगुळीला फोन करावा.